नॅरोबोटीचं पासिंग: बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीत काय मिळतं, काय मिळत नाही

इंग्लंडच्या कालव्यांवरची जुनी नॅरोबोट (लांब, अरुंद पोलादी बोट) विकायला निघाली की जाहिरातीत एक ओळ हमखास असते: ‘बीएसएस अजून तीन वर्षं बाकी’. बीएसएस म्हणजे बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र. लंडनच्या घरभाड्याला कंटाळून बोटीचा विचार करणारा आपला माणूस ही ओळ वाचतो आणि धरून चालतो की बोट तपासलेली आहे, म्हणजे चांगली आहे. ही समजूत महागात पडते. तपासणी झालेली असते हे खरं, पण ती कशाची, हे बघायला हवं. आपल्याकडे गाडीचं पीयूसी असतं म्हणून कुणी तिचा गिअरबॉक्स ठीक आहे असं मानत नाही. तोच हिशेब इथे लावायचा.

बोट सेफ्टी स्कीम १९९७ साली सुरू झाली. आज ती कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट आणि एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या दोन संस्था मिळून चालवतात. पहिलीकडे इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैल कालवे आणि नद्या आहेत, दुसरीकडे टेम्स आणि इतर काही नद्या. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. ते बोटीचं असतं, मालकाचं नाही, त्यामुळे बोट विकली तरी ते तिच्याबरोबर जातं. नवी कोरी बोट नियमाप्रमाणे बांधलेली असेल आणि बांधणाऱ्याचं अनुरूपतेचं घोषणापत्र हातात असेल, तर पहिली चार वर्षं या तपासणीची गरज नसते. त्यानंतर मात्र हे प्रमाणपत्र आणि विमा असल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. लायसन्स नसलेली बोट कालव्यातून हटवण्याचा अधिकार ट्रस्टला १९८३च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम ८ने दिलेला आहे, आणि तो वापरलाही जातो.

ही सेवा आम्ही तीन प्रश्नांवर जोखतो: पैसे वसूल होतात का, तपासणारा नेमकं काय बघतो, आणि काय बघत नाही.

पैशांचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. परीक्षक स्वतंत्र व्यवसाय करणारे असतात आणि फी ज्याची तो ठरवतो. स्कीमच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले परीक्षक सापडतात. फोन लावल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. बोट जिथे बांधलेली आहे तिथे तो येईल का? नापास झाली तर फेरतपासणीचे वेगळे पैसे किती? आणि तो बोटीवरच्या एलपीजीच्या कामासाठी गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीवर, आहे का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि तिथेच अडकतात. तो असा.

तुम्ही बोटीवर राहत असाल किंवा ती भाड्याने देत असाल, तर १९९८चे गॅस सुरक्षा नियम तिला लागू होतात. अशा बोटीवर मॅनोमीटर (दाबमापक) लावून गॅसगळतीची चाचणी घ्यायची तर परीक्षक गॅस सेफवाला असावा लागतो. सगळे परीक्षक तसे नसतात. यावर उपाय म्हणजे बबल टेस्टर. काचेची छोटी कुपी, आत द्रव, वर बटण. ती सिलिंडरच्या लॉकरमध्ये रेग्युलेटरच्या पुढे बसवलेली असते. सगळी उपकरणं बंद, सिलिंडर चालू, बटण दाबायचं आणि बघायचं. बुडबुडा आला तर कुठेतरी गळती आहे. हा टेस्टर नीट बसवलेला आणि चालू असेल तर कुठलाही परीक्षक त्यावरून निर्णय देऊ शकतो. राहत्या बोटीला तो बसवून घ्यावाच. तपासणीपुरता त्याचा उपयोग आहेच, पण सिलिंडर बदलला की दर वेळी बटण दाबून बघता येतं, आणि खरी कमाई ती आहे. बसवण्याचं काम मात्र गॅस सेफवाल्याकडूनच करून घ्यायचं.

या तपासणीचा अर्धा जीव गॅसमध्ये आहे आणि ते बरोबरच आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, हे आपल्याकडे सिलिंडरच्या वासाने दारं-खिडक्या उघडायला शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरात तो जमिनीलगत पसरतो आणि दारातून बाहेर जायला वाव असतो. बोटीत मात्र जमिनीखाली पोलादी तळ असतो, पाण्याच्या पातळीखाली, आणि तिथून बाहेर पडायला एकही वाट नसते. गॅस तिथे साचून राहतो. ओट्याखाली सिलिंडर ठेवायची आपली सवय म्हणून इथे चालत नाही. सिलिंडर बाहेरून किंवा वरूनच उघडणाऱ्या वेगळ्या लॉकरमध्ये हवा, उभा हवा, हलणार नाही असा बांधलेला हवा. लॉकर निदान सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंत केबिनच्या दिशेने गॅसबंद हवा. आणि तळाशी बोटीबाहेर उघडणारं भोक हवं, म्हणजे गळलेला गॅस पाण्यावर ओघळून जाईल.

बोटी पुष्कळदा इथेच अडतात आणि कारणं अगदी साधी असतात. भोक पानांनी, गंजाच्या पापुद्र्यांनी किंवा गेल्या रंगकामातल्या रंगाने बुजलेलं असतं. लॉकरमध्ये लॉकची (कालव्यात बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या हौदाची) चावी, नांगर, साखळी, जुने दोर कोंबलेले असतात. रेग्युलेटरवर किंवा नळीवर आदळू शकेल असं काहीही तिथे नको. लॉकरच्या तळाला गंज लागून सुईएवढी छिद्रं पडलेली असतात, मग तो गॅसबंद कसला? आणि एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही ती अशी: पुष्कळ नॅरोबोटींत गॅस लॉकरप्रमाणे पाण्याची टाकीही पुढेच, बोटीच्या नाकाशी असते. टाकी रिकामी असताना लॉकरचं भोक पाण्याच्या बरंच वर दिसतं. टाकी तुडुंब भरली की नाक खाली जातं आणि भोक पाण्याला टेकतं. तपासणीआधी टाकी भरून, बाहेर उभं राहून भोक बघावं. ते पाण्याजवळ येत असेल तर मागच्या बाजूला वजन टाकून बोट समतोल करावी लागते.

रबरी नळीचा नियम सोपा आहे. नळीवर मानकाचा क्रमांक छापलेला असावा, लांबी एक मीटरपर्यंतच असावी, आणि वाकवल्यावर तडे दिसता कामा नयेत. उरलेला मार्ग तांब्याच्या नळीचा. ती जिथे पोलादी भिंतीतून जाते तिथे रबरी कडं किंवा योग्य जोड नसेल, तर इंजिनाच्या थरथरीने पोलाद तांब्याला कापत जातं. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, आणि एक दिवस बबल टेस्टरमध्ये बुडबुडा येतो. शेगडीच्या प्रत्येक बर्नरला ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी यंत्रणा हवी. जुन्या शेगडीत ती नसेल तर डागडुजीच्या नादी न लागता शेगडीच बदलावी.

तपासणीच्या दिवशी सिलिंडरमध्ये गॅस असला पाहिजे, हे सांगावं लागतं याचं नवल वाटेल. पण रिकाम्या सिलिंडरवर चाचणी होत नाही, आणि परीक्षक परत जाताना येण्याजाण्याचे पैसे घेऊनच जातो.

आता कार्बन मोनॉक्साइड. १ एप्रिल २०१९पासून खासगी बोटींनाही या वायूचा अलार्म सक्तीचा झाला. त्यामागे मृत्यू आहेत. २०१३ साली विंडरमिअर सरोवरात ‘आर्निस्टन’ या बोटीवर जनरेटरला घरगुती जुगाडाने जोडलेल्या धुराच्या नळीतून वायू केबिनमध्ये शिरला आणि आई-मुलगी गेल्या. २०१६ साली नॉर्फक ब्रॉड्समध्ये रॉक्समला ‘लव्ह फॉर लिडिया’वर पेट्रोल इंजिनाच्या धुराने दोघे मेले. सक्तीनंतरही, डिसेंबर २०१९मध्ये यॉर्कला ‘डायव्हर्जन’ या बोटीवर डिझेल हीटरच्या धुराच्या नळीचा जोड सुटला आणि आणखी दोघे गेले. तिन्ही ठिकाणी वायू शेगडीतून किंवा चुलाणातून (लाकूड-कोळशाच्या चुलीतून) आलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावं. ‘आमच्याकडे चुलाण नाही, मग अलार्म कशाला’ हा युक्तिवाद तिथेच संपतो. शेजारी बांधलेल्या बोटीच्या इंजिनाचा धूरही उघड्या खिडकीतून आत येतो.

परीक्षक बघतो ते असं: अलार्म आहे का, त्यावर ईएन ५०२९१ हे मानक आहे का, मुदत उलटली नाही ना, बटण दाबल्यावर वाजतो का. विकत घेताना त्या मानकाचा दुसरा भाग, म्हणजे ५०२९१-२, छापलेला बघून घ्यावा. तो बोटी आणि कॅरव्हॅनसाठी आहे आणि हादरे, ओल सहन करतो. जागा मालकाने ठरवायची असते. भिंतीवर उंचावर, दार-खिडकीच्या वरच्या कडेहून उंच, पण छतापासून १५० मिलिमीटर तरी खाली. चुलाण किंवा हीटरपासून एक ते तीन मीटरच्या आत. झोपण्याच्या खोलीत मात्र उशाच्या पातळीला, म्हणजे जिथे नाक असतं तिथे. एक अलार्म तपासणीला पुरेल. पंचावन्न-साठ फुटांच्या बोटीत चुलाण एका टोकाला आणि बिछाना दुसऱ्या टोकाला असतो, म्हणून आम्ही दोन लावायला सांगू.

अग्निशामकांच्या बाबतीत गंमत आहे. ११ मीटरपेक्षा लांब बोटीला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक राहत्या नॅरोबोटीला, तीन अग्निशामक लागतात. प्रत्येकाचं किमान मानांकन ५ए/३४बी (ए म्हणजे लाकूड-कापडाची आग, बी म्हणजे तेल-इंधनाची). दुकानातून सर्वांत स्वस्त तीन आणले की काम झालं असं वाटतं. पण तिघांची बेरीजही बघितली जाते आणि ती निदान २१ए/१४४बी भरावी लागते. स्वस्तातले तीन मिळून होतात १५ए/१०२बी. नापास. एक ५ए/३४बी आणि दोन ८ए/५५बी घेतले की बेरीज बरोबर जुळते. हे आकडे डब्यावरच छापलेले असतात, किलोचा आकडा बघून घेऊ नये. काट्याने हिरव्या पट्ट्यात असावं, पिन जागेवर असावी, आणि हात पोचेल अशा ठिकाणी, शक्यतो बाहेर पडायच्या वाटेवर तो टांगलेला असावा. स्वयंपाकाची सोय असेल तर अग्निरोधक चादर सक्तीची आहे. ती शेगडीजवळ हवी, पण शेगडीच्या बरोबर वर नको. पेटलेल्या कढईवरून हात घालून ती कोण ओढणार? फोडणी पेटली तर पाणी ओतायचं नाही, चादर टाकायची, गॅस बंद करायचा आणि ती बराच वेळ उचलायची नाही.

विजेचं काम बारीक नजरेने बघितलं जातं आणि जुन्या बोटींचं पितळ इथे उघडं पडतं. बॅटऱ्या जागेवर घट्ट बांधलेल्या हव्यात, त्यांच्या टोकांवर झाकण हवं, पेटीला वायुवीजन हवं, आणि सगळा प्रवाह तोडणारा आयसोलेटर स्विच पटकन हात पोचेल असा हवा. तळातलं पाणी उपसणारा पंप, अलार्म अशा मोजक्या गोष्टी त्याला वगळून थेट जोडता येतात. स्टार्टरची तार सोडली तर बाकी तारांना फ्यूज हवेत. एक दोष फक्त जुन्या बोटींत सापडतो. भिंतींमध्ये थर्माकोलचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे ठोकळे इन्सुलेशन म्हणून भरलेले असतात, आणि विजेच्या तारा त्यांना टेकून गेलेल्या असतात. तारेवरच्या पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोल शोषून घेतो. काही वर्षांनी तारेचं आवरण ठिसूळ होतं आणि बोटाच्या दाबाने गळून पडतं. परीक्षक पॅनेल उघडून भिंतीच्या आत डोकावत नाही, त्यामुळे हे तपासणीतून निसटू शकतं. १९८०-९०च्या दशकातली बोट घेताना इन्सुलेशन कुठलं आहे हे विचारावं. फवारलेला फोम असेल तर निदान ही चिंता नाही.

डिझेलचा भाग लवकर आटोपतो. टाकीच्या तोंडाशी ‘डिझेल’ असं लिहिलेलं हवं (चुकून त्यात पाणी भरणारे कमी नाहीत), सांडलेलं इंधन आत न येता बाहेर वाहून जायला हवं, बंद करायचा व्हॉल्व्ह खुणेसकट हाताशी हवा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या आगरोधक मानकाच्या हव्यात. टाकीला पातळी बघायची काचनळी असेल तर तिच्या खाली आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर काच फुटली की अख्खी टाकी तळात रिकामी होते. इंजिनाखाली तेलबंद परात हवी. ही अट पर्यावरणासाठी आहे: परात नसेल तर इंजिनातून ठिबकलेलं तेल तळातल्या पाण्यात मिसळतं आणि आपोआप चालणारा पंप ते थेट कालव्यात सोडतो.

वायुवीजन आणि बाहेर पडायच्या दोन वाटा या गोष्टी खासगी बोटीच्या बाबतीत सल्ल्यापुरत्या आहेत. परीक्षक नोंद करतो, पण त्यावरून नापास करत नाही. आम्हाला हे पटत नाही. थंडीत छतावरच्या मशरूम व्हेंटमध्ये (हवेच्या झरोक्यांत) मोजे आणि बोळे कोंबणारे, दारातल्या जाळ्यांवर चिकटपट्टी मारणारे मालक दर हिवाळ्यात दिसतात, आणि नेमकं तेव्हाच चुलाण रात्रभर धगधगत असतं. तसंच पुढच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लावण्याचं. मागच्या बाजूला इंजिनाशी आग लागली तर निघायचं कुठून?

भेटीच्या आधल्या दिवशी काय करून ठेवायचं, ते सांगतो. परीक्षक काहीही उसकटत नाही. त्याला जे दिसेल तेच तो तपासतो, आणि जे दिसणं अपेक्षित आहे पण दिसत नाही, त्यावर तो हो म्हणत नाही. म्हणून इंजिनावरच्या फळ्या उचलता येतील अशा ठेवा. गॅस लॉकर रिकामा करा. गॅसची नळी ज्या कपाटांतून जाते त्यातलं सामान बाहेर काढा. बॅटऱ्यांवर ठेवलेली छत्री, बूट, रंगाचे डबे हलवा. अग्निशामकांचे काटे आणि अलार्मची तारीख बघा. स्वतः हजर राहा. साधारण दोन-तीन तास लागतात. निकाल संगणकावर नोंदला जातो आणि ट्रस्टला तो थेट दिसतो, तेव्हा कागद हरवला म्हणून काही अडत नाही. नापास झाल्यास त्रुटींची यादी मिळते. ती पुरी केली की फेरतपासणी. परीक्षकाचा निर्णय पटला नाही तर स्कीमच्या कार्यालयाकडे दाद मागता येते. लायसन्सची मुदत संपायच्या दोन महिने आधी तरी हे काम काढावं, कारण गॅस सेफचा बोटवाला माणूस वसंतात सहज मिळत नाही.

इथपर्यंत सेवा चोख आहे. चार वर्षांतून एकदा, बोटीच्या मानाने किरकोळ खर्चात, आग, स्फोट, विषारी वायू आणि तेलगळती या चार गोष्टींवर त्रयस्थाची नजर फिरते. शेजारच्या बोटीपासून तुमचं आणि तुमच्यापासून शेजाऱ्याचं रक्षण व्हावं, हा तिचा हेतू आहे. आमची तक्रार स्कीमबद्दल कमी आणि तिला सर्वगुणसंपन्न दाखला समजणाऱ्या बाजाराबद्दल जास्त आहे. कारण बोट तरंगते का, हा प्रश्न या तपासणीत विचारलाच जात नाही.

सांगाड्याचा पत्रा त्यात येत नाही. आताच्या बऱ्याच नॅरोबोटी १०/६/४ अशा बांधलेल्या असतात: तळ १० मिलिमीटर, बाजू ६, केबिन ४. जुन्यांत तळ याहून पातळही सापडतो. पत्रा गंजून किती उरला हे कळायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते आणि सर्व्हेअर अल्ट्रासाउंडच्या यंत्राने ठिकठिकाणी जाडी मोजतो. पुष्कळ विमा कंपन्या ठरावीक वयानंतर हा अहवाल मागतात आणि ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या बोटीला पूर्ण विमा द्यायला कचरतात. मग वरून नवा पत्रा ठोकायचा, आणि तो खर्च हजारो पौंडांत जातो. म्हणून विकत घेताना बीएसएसची मुदत किती उरली यापेक्षा शेवटचा हल सर्व्हे (सांगाड्याची ही तपासणी) कधीचा आणि सर्वांत कमी आकडा किती, हे विचारावं. सर्व्हेअर विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

सांगाड्याला बाहेरून डांबर लावायचं ते दर दोन-तीन वर्षांनी. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारायची लगबग असते, तशी इथे ड्राय डॉकच्या (बोट कोरडी ठेवून काम करायच्या गोदीच्या) तारखांसाठी मारामार असते, तेव्हा आधीच नोंदवावी. प्रेशर वॉशने शेवाळ काढायचं, सुटलेला गंज खरवडायचा आणि दोन-तीन हात मारायचे. पाण्याच्या रेषेलगत एक हात जास्त, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच असतात. टू-पॅक इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा रंग) जास्त वर्षं टिकतो, पण तो जुन्या डांबरावर बसत नाही. पत्रा वाळूच्या माऱ्याने उघडा करावा लागतो. बोट बाहेर आलीच आहे तर अॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, बघावेत. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, खाऱ्यात झिंकचे. अर्धे झिजले असतील तर बदलावेत. अजिबात झिजले नसतील तरी खूश होऊ नये: वेल्ड तुटलेला असेल, नाहीतर कुणीतरी त्यांवरही डांबर फासलेलं असेल. मरिनात किनाऱ्याच्या विजेला कायम जोडलेली बोट असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवाच. नाहीतर अर्थच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विद्युतसंबंध जुळतो आणि तुमचे अॅनोड त्यांच्या पत्र्याची राखण करत झिजतात.

बोटी बुडण्याची कारणं तर आणखी साधी असतात. मागच्या बाजूला, बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बरोबर वर वीड हॅच नावाची झाकण असलेली विहीर असते. पंख्यात अडकलेली चिंधी, दोरी, प्लॅस्टिक तिथून हात घालून काढायचं. काढून झाल्यावर झाकण नीट बसलं नाही, किंवा रबर जुनं झालं, की इंजिन गिअरमध्ये टाकताच पंखा पाणी वर उसळवतो आणि बोट मागून भरत जाते. झाकण लावल्यावर आधी हळू वेगात थोडा वेळ चालवून टॉर्चने बघायचं, मगच पुढे. दुसरं, पंख्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणारी स्टर्न ग्लँड: दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसरची दांडी घट्ट लागेपर्यंत फिरवायची. थेंब थांबले पाहिजेत. ग्रीस भरूनही थेंब थांबत नसतील तर पॅकिंग आवळायचं, आणि आवळायला जागा उरली नसेल तर नवं घालायचं. अती आवळलं तर दांडा तापतो आणि झिजतो. चालवून झाल्यावर हात लावून बघावा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. तिसरं, लॉकमधून खाली उतरताना बोटीची शेपूट मागच्या दरवाज्याखालच्या पायरीवर अडकणं. पाणी उतरत जातं, शेपूट वर राहते, नाक बुडतं. पायरीची खूण भिंतीवर रंगवलेली असते, तिच्या पुढेच उभं राहायचं. यातलं काहीही बीएसएस बघत नाही.

कागदांची आणखी एक खोच आपल्या लोकांना चकवते. बोटीला आरसी बुक नसतं. कालव्यावरच्या बोटींच्या मालकीची सक्तीची सरकारी नोंदणीच नाही. लायसन्स ज्याच्या नावावर तो मालक, असं कायदा म्हणत नाही, आणि बीएसएसचा मालकीशी संबंधच नाही. म्हणून विक्रीचा सहीचा कागद, बोट बांधणाऱ्याचं मूळ बिल, आधीच्या विक्रीचे कागद, आणि जून १९९८नंतरची बोट असेल तर सांगाड्यावरचा ओळख क्रमांक व अनुरूपतेचं घोषणापत्र, हे सगळं सौद्याआधी बघावं. ओळख क्रमांक कागदावर एक आणि पत्र्यावर दुसरा असेल तर सौदा तिथेच थांबवावा.

लायसन्स घेताना बोट कायम कुठे बांधणार हे सांगावं लागतं. जागा नसेल तर १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम १७प्रमाणे ती खरोखर फिरती ठेवावी लागते: एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. एप्रिल २०२४पासून फिरत्या बोटींना ट्रस्ट लायसन्सवर अधिभारही लावतो. ‘स्वस्त घर’ हा हिशेब करताना हे धरावं. आणि बोट पुढे भाड्याने द्यायचा विचार असेल तर लायसन्स वेगळं, विमा वेगळा, बीएसएसचे निकष जास्त कडक, शिवाय दरवर्षी गॅस सेफवाल्याकडून तपासणी.

विकणाऱ्याने ‘बीएसएस अजून तीन वर्षं बाकी’ म्हटलं, तर शेवटी एवढं विचारून बघा: तपासणीनंतर गॅसवर चालणारं काही नवं बसवलंय का, चुलाण हलवलंय का, बॅटऱ्या लिथियमच्या केल्यात का? बोटीत फेरबदल झाला आणि ती निकषांत बसेनाशी झाली, तर तारीख कितीही पुढची असली तरी ते प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शेगडी नवी चकचकीत दिसत असेल तर ती बसवल्याचा गॅस सेफचा कागद मागा.